स्वतःच्या डोमेनचा मेल सर्व्हर : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२४

काम: एका कार्यालयाची मेल जुन्या शेअर्ड होस्टिंगवरून (अनेक ग्राहकांत वाटलेल्या सर्व्हरवरून) स्वतःच्या सर्व्हरवर हलवणं. व्याप: एक डोमेन, बारा मेलबॉक्स, तीन सामायिक पत्ते आणि जुन्या शेअर्ड होस्टिंगवर साठलेली सुमारे ४० जीबी मेल. सामान: डेबियन १२ (लिनक्स), पोस्टफिक्स (मेलची ने-आण), डवकॉट (मेलपेट्या आणि लॉगिन), आरस्पॅमडी (स्पॅमची चाळणी), अनबाउंड (डीएनएसची उत्तरं शोधणारा रिझॉल्व्हर). नोंदींत डोमेनच्या जागी ‘उदाहरण.इन’ आणि आयपीच्या जागी नमुन्यांसाठी राखीव असलेला २०३.०.११३.२५ लिहिला आहे. सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलींत ती नेहमीच्या स्पेलिंगनेच जातात.

६ जानेवारी : आयपी

मेल स्वीकारणारा सर्व्हर एका संध्याकाळी उभा राहतो. समोरच्यांनी आपली मेल स्वीकारावी यासाठी लागणारी बहुतेक कामं मात्र मेल सॉफ्टवेअरच्या बाहेरची आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की पुढे निस्तरत बसावं लागतं. म्हणून सुरुवात आयपीपासून.

पुरवठादाराला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारायच्या. बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जाण्याचं दार) उघडा आहे का, किंवा विनंती केल्यावर उघडून मिळतो का? उलट नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर, आपल्याला हव्या त्या नावाची लावता येते का? आयपी कायमचा आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा पुरवठादार बघायचा. घरच्या ब्रॉडबँडवर हे तिन्ही सहसा जमत नाही. आयपी बदलता असतो, पीटीआर कंपनीच्या साच्यातली असते, आणि असे आयपी-पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये असे पत्ते) मुळातच नोंदलेले असतात. आपला काही दोष नसला तरी त्या पत्त्यावरून थेट आलेली मेल बहुतेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात.

आयपी हातात आल्याबरोबर स्पॅमहाउसच्या झेन या एकत्रित यादीत तपासला. पहिला मिळालेला आयपी त्यातल्या सीएसएस भागात (स्पॅम पाठवताना दिसलेले आयपी) होता. नाव काढून घेण्याचा अर्ज करता येतो, पण सर्व्हर अजून रिकामा असताना आयपी बदलून घेणं जास्त सोपं. दुसरा स्वच्छ निघाला. शेजारचे काही आयपीही पाहिले. आख्खा पट्टाच बदनाम असेल तर स्वच्छ आयपीचा उपयोग फार काळ टिकत नाही.

पोर्ट २५ ची खात्री कागदावर न मानता करून घेतली. सर्व्हरवरून एका मोठ्या मेल सेवेच्या एमएक्सला (डोमेनची मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला) टेलनेटने जोडून पाहिलं आणि २२० ने सुरू होणारी ओळ आली. नुसतंच थांबून राहिलं आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं, तर पोर्ट पुरवठादाराच्या बाजूने बंद आहे. आपल्या फायरवॉलशी झगडण्यात वेळ घालवू नये.

मशीन: दोन कोअर, ४ जीबी रॅम, १६० जीबी डिस्क. क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर) लावायचं नाही असं ठरवलं. त्याच्या सह्यांचा डेटाबेसच मेमरीत एक जीबीपेक्षा जास्त जागा घेतो, आणि नवा डेटाबेस उचलताना काही क्षण जुना आणि नवा दोन्ही मेमरीत असतात. छोट्या मशीनवर नेमक्या त्याच वेळी कर्नल कोणतीतरी प्रक्रिया मारतो. त्याऐवजी चालवता येण्याजोग्या फाइली (ईएक्सई, एससीआर, जेएस, आयएसओ आणि तसल्याच) जोडलेली मेल नाकारायची.

७ जानेवारी : नाव आणि उलट नाव

होस्टनेम ‘मेल.उदाहरण.इन’. हेच नाव चार ठिकाणी अक्षरशः सारखं हवं: सर्व्हरचं होस्टनेम, त्याची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी), आयपीची पीटीआर आणि पोस्टफिक्सने ओळख देताना म्हटलेलं हेलो. समोरचा सर्व्हर आयपीवरून नाव काढतो, त्या नावावरून परत आयपी काढतो आणि दोन्ही जुळतात का बघतो. यातलं एक जरी जुळलं नाही तरी पुढच्या सगळ्या सह्या असूनही संशय उरतो.

एमएक्स नोंद ए नोंद असलेल्या नावाकडेच जावी, सीनेमकडे (टोपणनावाच्या नोंदीकडे) नको. कित्येक सर्व्हर ते चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि मग ‘फक्त एकाच बँकेची मेल येत नाही’ अशी न उलगडणारी तक्रार सुरू होते.

डोमेनच्या एमएक्सचा टीटीएल (नोंद इतरांनी किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा) १४४०० होता, तो आजच ३०० केला. स्थलांतर महिन्याभराने आहे. टीटीएल आधीच उतरवला तर ते रात्रीचं काम मिनिटांत होतं.

आयपीव्ही६: सर्व्हरला पट्टा मिळाला आहे, पण पाठवण्यासाठी तो सध्या बंद. जीमेल आयपीव्ही६ वर पीटीआर, एसपीएफ (डोमेनची मेल कोणत्या आयपींनी पाठवावी ती नोंद) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांबाबत कडक आहे, आणि दोन्ही पत्ते असले की पोस्टफिक्स कधी आयपीव्ही६, कधी आयपीव्ही४ वापरतो. पीटीआर फक्त आयपीव्ही४ ला लावलेली असेल तर अर्ध्या मेल जातात, अर्ध्या ५५० ने परत येतात, आणि कारण सापडायला उशीर लागतो. पोस्टफिक्समध्ये ‘आयनेट प्रोटोकॉल्स’ला आयपीव्ही४ दिलं.

९ जानेवारी : स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर

अनबाउंड बसवलं, १२७.०.०.१ वर. मेल सर्व्हरसाठी स्वतःचा रिझॉल्व्हर ही चैन नाही, गरज आहे. स्पॅमहाउस सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटी-संकेत देतं. पोस्टफिक्समध्ये यादीचं नाव नुसतं लिहिलेलं असेल तर कोणतंही उत्तर आलं म्हणजे आयपी यादीत आहे असं तो समजतो. परिणाम: येणारी प्रत्येक मेल नाकारली जाते. म्हणून नावापुढे ‘=१२७.०.०.[२..११]’ एवढी मर्यादा घालायचीच, रिझॉल्व्हर कोणताही असो.

तपासणी: २.०.०.१२७ हा उलटा लिहिलेला चाचणी-पत्ता झेन यादीत विचारला, उत्तरात १२७.०.०.२, .४ आणि .१० आले. म्हणजे रस्ता बरोबर आहे.

डेबियन १२ वर पोस्टफिक्सच्या बऱ्याच सेवा क्रूटमध्ये (ठरावीक फोल्डरापलीकडचं काही न दिसणाऱ्या कोंडीत) चालतात आणि रिझॉल्व्ह.कॉन्फची वेगळी प्रत ‘व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी’मध्ये असते. रिझॉल्व्हर बदलल्यावर पोस्टफिक्स पूर्ण रिस्टार्ट केला नाही तर तो जुन्यालाच विचारत राहतो. बाहेरून डिग (डीएनएसला विचारणारा हुकूम) मात्र बरोबर दिसतं. दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघितल्या.

१३ जानेवारी : पोस्टफिक्स

‘मायडेस्टिनेशन’मध्ये फक्त लोकलहोस्ट. आपलं डोमेन ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’मध्ये. दोन्हीकडे लिहिलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि मेल स्थानिक युनिक्स वापरकर्त्याकडे जायला बघते; तो वापरकर्ताच नसल्याने ‘युझर अननोन’ म्हणून परत फिरते.

पोर्ट तीन आणि प्रत्येकाचं काम वेगळं. २५ वर फक्त इतर सर्व्हरांकडून येणारी मेल. तिथे लॉगिन पूर्ण बंद, त्यामुळे पासवर्ड अंदाजाने टाकणाऱ्या बॉटांचं एक दार कमी होतं. ४६५ वर आपल्या माणसांची बाहेर जाणारी मेल, पहिल्या बाइटपासून टीएलएस (सांकेतिक जोडणी). ५८७ वर स्टार्टटीएलएस (आधी साधी जोडणी, मग टीएलएस), केवळ जुन्या उपकरणांसाठी. मास्टर.सीएफमध्ये ४६५ आणि ५८७ च्या सेवांना ‘सेंडर लॉगिन मिसमॅच’ नाकारण्याचा नियम दिला, म्हणजे लेखा विभागाच्या लॉगिनने संचालकांच्या नावाने मेल जाणार नाही. सामायिक पत्त्यांसाठी कोण कोणाच्या नावाने पाठवू शकतो याची छोटी तक्ता-फाइल केली.

२५ वर टीएलएस ‘मे’, म्हणजे असेल तर वापर. सुरक्षेच्या उत्साहात इथे ‘एनक्रिप्ट’ लिहायचा मोह होतो. तो टाळायचा, टीएलएस न बोलणारे सर्व्हर अजून आहेत, आणि सार्वजनिक एमएक्सने ते सक्तीचं करू नये असं आरएफसी ३२०७ या मानकातच म्हटलं आहे.

आकाराची मर्यादा: पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट. बेस६४ (फाइल अक्षरांत बदलून पाठवण्याची पद्धत) मुळे जोडलेली फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते, म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपासची पीडीएफच जाईल. स्कॅन केलेले करारनामे त्याहून मोठे असतात. मर्यादा ३,६७,००,१६० केली. जोडलेली फाइल २५ एमबीपर्यंत जाते.

एसएमटीपी स्मगलिंग: १८ डिसेंबर २०२३ ला जाहीर झालेला हा दोष ताजा आहे. ओळ कुठे संपते याबाबत दोन सर्व्हरांच्या समजुतीत फरक असला की एका मेलच्या पोटात दुसरी मेल घुसवता येते, आणि आतल्या मेलला पहिल्या सर्व्हरची एसपीएफची पत आपोआप मिळते. डेबियनच्या स्थिर शाखेत पूर्ण दुरुस्ती येईपर्यंत पोस्टफिक्सने सुचवलेला तात्पुरता उपाय लावला: अनधिकृत पाइपलाइनिंग (उत्तराची वाट न पाहता पुढचे हुकूम ढकलणं) नाकारायचं आणि ईएचएलओच्या उत्तरातून (सर्व्हर आपल्या सोयी सांगतो त्या यादीतून) ‘चंकिंग’ वगळायचं.

शेवटी बाहेरच्या मशीनवरून, लॉगिन न करता, परक्या पत्त्यावरून परक्या पत्त्याला मेल देऊन पाहिली. ‘५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड’ आलं, म्हणजे परक्यांची मेल आपण पुढे नेत नाही. ही चाचणी सर्व्हरवरूनच केली तर निरुपयोगी, कारण ‘मायनेटवर्क्स’मधल्या पत्त्यांना रिलेची परवानगी असते.

१४ जानेवारी : डवकॉट

बारा मेलबॉक्ससाठी डेटाबेस नको. पासवर्ड-फाइल पुरते: एका ओळीत पत्ता आणि बीएलएफ-क्रिप्ट हॅश. बॅकअप सोपा, बिघडायला कमी जागा. लॉगिन पूर्ण पत्त्यानेच ठेवलं. नुसतं ‘लेखा’ असं लॉगिन ठेवलं तर आरस्पॅमडी लॉगिनचं डोमेन आणि प्रेषकाचं डोमेन जुळवताना अडतो आणि डीकेआयएम सही करत नाही.

पोस्टफिक्सकडून डवकॉटकडे मेल एलएमटीपीने (सर्व्हरच्या आतल्या पोचवणीची भाषा). ऑथ (लॉगिन-तपासणी) आणि एलएमटीपीचे दोन्ही सॉकेट (दोन प्रक्रिया जिच्यातून बोलतात ती फाइल) पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या ‘प्रायव्हेट’ फोल्डरात, मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. क्रूटमुळे त्याबाहेरचा सॉकेट पोस्टफिक्सला दिसतच नाही; लॉगमध्ये ‘नो सच फाइल’ येतं आणि फाइल तर समोर दिसत असते.

फोल्डरांच्या रचनेवर जरा थांबणं भाग आहे. जुन्या मेलबॉक्सांत ‘जा.क्र. २०२२-२३’, ‘आ.क्र. २०२२-२३’ अशी फोल्डरं आहेत. डवकॉटच्या नेहमीच्या मेलडिर रचनेत टिंब हे उपफोल्डरचं चिन्ह असतं. त्यामुळे ‘जा.क्र.’ नावाचं फोल्डर तसंच्या तसं बनत नाही. ‘जा’च्या पोटात ‘क्र’ तयार होतं किंवा नावच नाकारलं जातं. मराठी कार्यालयात संक्षेपाची टिंबं सगळीकडे असतात, म्हणून ही अडचण हमखास येणार. उपाय: मेल लोकेशनमध्ये ‘लेआउट=एफएस’ आणि विभाजक म्हणून तिरकी रेघ. हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. मेल भरल्यावर रचना बदलणं म्हणजे सगळं पुन्हा हलवणं.

देवनागरी फोल्डर-नावं डिस्कवर सुधारित यूटीएफ-७ मध्ये उतरतात, त्यामुळे एलएस केल्यावर ‘अँड’ चिन्हापासून सुरू होणारी अगम्य रोमन अक्षरं दिसतात. बिघाड नाही. या लिपीत तीन देवनागरी संकेतांना आठ बाइट लागतात, आणि काना-मात्रा-हलंत हे प्रत्येकी वेगळे संकेत धरले जातात. फाइल-प्रणालीची मर्यादा २५५ बाइट, तेव्हा नव्वदेक संकेतांपलीकडचं नाव बसत नाही. यूटीएफ-८ मध्येच साठवायचा पर्याय आहे, पण आयमॅपवर (मेलपेटी वाचण्याची पद्धत) क्लायंटला, म्हणजे मेल-ॲपला, काही फरक दिसत नसल्याने मूळ पद्धत ठेवली.

सेंट, ड्राफ्ट्स, जंक, ट्रॅश या चारांना विशेष-वापराचे शिक्के आणि आपोआप सबस्क्राइब. हे नसेल तर प्रत्येक क्लायंट आपलं स्वतंत्र ‘पाठवलेले’ फोल्डर बनवतो आणि फोनवरून पाठवलेली मेल संगणकावर सापडत नाही.

१६ जानेवारी : प्रमाणपत्र

लेट्स एनक्रिप्ट, ९० दिवसांचं. सर्टबॉट ३० दिवस उरले की नवं घेतो. नूतनीकरणानंतरच्या हुकमध्ये पोस्टफिक्स आणि डवकॉट दोघांना रीलोड. पोस्टफिक्सच्या प्रक्रिया थोड्या वापरानंतर आपोआप बदलत असल्याने तो नवं प्रमाणपत्र स्वतःच उचलतो. डवकॉट मात्र रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवतो. हुक विसरला तर तीन महिन्यांनी सगळ्यांच्या फोनवर एकाच सकाळी इशारा येतो आणि डिस्कवरचं प्रमाणपत्र बघावं तर ते ताजं असतं.

२० जानेवारी : आरस्पॅमडी, डीकेआयएम, एसपीएफ

आरस्पॅमडी पोस्टफिक्सला मिल्टर (मेल तपासणारा जोड-कार्यक्रम) म्हणून जोडला, पोर्ट ११३३२. मिल्टर बंद पडल्यास काय करायचं या सेटिंगला ‘टेम्पफेल’ दिलं. ‘ॲक्सेप्ट’ दिलं तर आरस्पॅमडी बंद असताना बाहेर जाणारी मेल सहीविना जाते. टेम्पफेलने ती थांबते आणि थांबलेली दिसते.

डीकेआयएम की २०४८ बिटांची. सिलेक्टरच्या (कीच्या डीएनएस नोंदीच्या) नावात वर्ष घातलं, पुढे की बदलताना जुनी-नवी शेजारी नांदतात. टीएक्सटी नोंदीतल्या एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे आणि ही की त्यात मावत नाही. दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. काही डीएनएस पॅनेल स्वतः तोडतात, काही शेपूट गुपचूप कापतात, काही जोडाच्या जागी जागा सोडतात. म्हणून पॅनेलवर काय दिसतं ते सोडून डिगने आलेली की मूळ फाइलशी अक्षर-अक्षर ताडून पाहिली.

एसपीएफ: अखेरीस फक्त आमचा आयपी, टोकाला ‘-ऑल’ (बाकी सगळे नापास). जुन्या नोंदीत होस्टिंगचे ‘इन्क्लूड’ होते. एका एसपीएफच्या पडताळणीत दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या झाल्या तर ती कायमची त्रुटी मानली जाते, आणि ‘इन्क्लूड’च्या पोटातले ‘इन्क्लूड’ही त्यात धरले जातात. जुनं होस्टिंग बंद होईपर्यंत जुना आणि नवा दोन्ही एकाच नोंदीत. दोन स्वतंत्र एसपीएफ नोंदी ठेवल्या तर दोन्ही बाद होतात.

डीएमार्क (एसपीएफ-डीकेआयएम ‘फ्रॉम’च्या डोमेनशी जुळले नाहीत तर काय करायचं ते सांगणारी नोंद): पी=नन, म्हणजे काही अडवू नका, आणि अहवालाचा पत्ता. आधी बघायचं, मग अडवायचं.

ग्रेलिस्टिंग बंद. संशयित मेलला काही मिनिटं थांबवणं स्पॅमविरुद्ध उपयोगी आहे खरं, पण बँका आणि सरकारी पोर्टलांचे ओटीपी दहा मिनिटांत संपतात, आणि मोठ्या सेवा पुन्हा पाठवताना वेगळ्या आयपीवरून येतात. बायेसला (शब्दांवरून स्पॅम ओळखणारी चाळणी) शिकवायला किमान २०० चांगल्या आणि २०० स्पॅम मेल लागतात. त्याआधी तो गुण देतच नाही. चांगल्या बाजूला मराठी पत्रव्यवहार भरपूर घातला. तो नसेल तर बायेसला मराठी शब्द दिसतात ते फक्त कर्जाच्या आणि भूखंडाच्या जाहिरातींतून, आणि मग साधं आमंत्रणही जंकमध्ये जातं. जंकमध्ये टाकलं की स्पॅम, बाहेर काढलं की चांगली, असं आयमॅप-सीव्हने (फोल्डरातल्या हालचालीवर चालणाऱ्या नियमाने) जोडून दिलं.

२७ जानेवारी : लॉग, घड्याळ, फेल२बॅन

डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग साध्या फाइलींत लिहिणारा) मुळात बसत नाही, लॉग सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातो. फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारा आयपी अडवणारा) बसवल्यावर सुरूच झाला नाही, कारण तो ‘ऑथ.लॉग’ शोधतो. बॅकएंड ‘सिस्टिमडी’ केला, पायथनचं सिस्टिमडी पॅकेज टाकलं, चालू झाला. कार्यालयाचा आयपी वगळण्याच्या यादीत घातला. नाहीतर एका फोनवर जुना पासवर्ड राहिला की संपूर्ण कार्यालयाची मेल बंद पडते.

सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायचं. आरसिसलॉग मेल-लॉगसाठी बसवला. त्याची मूळ फिरती चार आठवड्यांची असते. ती २७ आठवडे केली. क्रोनीमध्ये (घड्याळ जुळवणाऱ्या कार्यक्रमात) एनआयसीचे ‘समय१’ आणि ‘समय२’ घातले. घड्याळ बरोबर असण्याचा खरा फायदा तक्रारीच्या वेळी कळतो: समोरच्याचा लॉग आणि आपला लॉग सेकंदावर जुळतो.

१ फेब्रुवारी : जीमेलचे नवे नियम

आजपासून जीमेलकडे जाणाऱ्या सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारी पीटीआर आणि टीएलएस लागू. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही, शिवाय डीएमार्क आणि एका क्लिकची सदस्यता-समाप्ती. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, तरी मोठ्यांसाठीचे तांत्रिक नियम पाळलेलेच बरे. छोट्या, नव्या आयपीला पत कमवायला दुसरा मार्ग नाही. चाचणी-मेलच्या हेडरमध्ये तिन्हींना ‘पास’ आहे.

३ फेब्रुवारी : जुनी मेल आणणं, पहिली फेरी

डवकॉटच्या ‘डोव्हॲडम बॅकअप’ने, उलट दिशेने, जुन्या सर्व्हरच्या आयमॅपवरून. तारखा, वाचल्याच्या खुणा, फोल्डर सगळं येतं. फेरीपुरतं ‘मेल एफसिंक’ बंद ठेवलं, त्याने वेग वाढतो. टिंबवाली फोल्डरं जशीच्या तशी आली.

इथे एक धोक्याची जागा आहे, ती ठळक लिहून ठेवतो. ‘बॅकअप’ हा हुकूम आपली बाजू मूळ बाजूसारखी हुबेहूब करतो. म्हणजे मूळ बाजूला नसलेली मेल पुसतो. एमएक्स फिरवल्यानंतर तो पुन्हा चालवला तर नव्या सर्व्हरवर आलेली नवी मेल नाहीशी होईल. एमएक्सनंतरच्या फेऱ्यांना ‘सिंक -१ -आर’ वापरायचा; तो एका दिशेने फक्त भर घालतो.

१० फेब्रुवारी, शनिवार रात्र : एमएक्स फिरवला

रात्री ११ ला एमएक्स बदलला, जुन्या सर्व्हरवरची पेटी चालूच ठेवली. पाच मिनिटांच्या टीटीएलमुळे पहिली मेल लगेच आली. काही प्रेषक मात्र जुनी नोंद तासन्‌तास धरून ठेवतात. त्यांची मेल पुढच्या सिंकमध्ये उचलली.

शेअर्ड होस्टिंगचा एक सापळा: एमएक्स बदलला तरी त्या होस्टिंगला डोमेन अजून आपलंच वाटतं. त्याच सर्व्हरवरच्या इतर ग्राहकांनी पाठवलेली मेल डीएनएस न विचारताच जुन्या पेटीत पडते. पॅनेलमध्ये मेलचं वळण ‘स्थानिक’वरून ‘दूरस्थ’ केलं. ही पायरी राहिली तर ‘बाकी सगळ्यांची येते, त्या एका पुरवठादाराचीच येत नाही’ असं कित्येक महिने चालतं.

१२ फेब्रुवारी : थांबलेली मेल

सकाळी रांगेत काही मेल अडकलेल्या. एक मोठी मोफत सेवा नव्या आयपीला ४२१ देऊन थांबवत होती. ४ ने सुरू होणारा संकेत म्हणजे ‘नंतर ये’, ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊ नकोस’. पोस्टफिक्स पहिल्यांदा ३०० सेकंदांनी आणि नंतर वाढत वाढत ४,००० सेकंदांपर्यंतच्या अंतराने प्रयत्न करतो, पाच दिवसांपर्यंत. अशा वेळी ‘पोस्टक्यू -एफ’ वारंवार मारू नये. घाईघाईने पुन्हा दार वाजवणारा आयपी त्यांना अधिकच संशयास्पद वाटतो. ‘डिले वॉर्निंग टाइम’ मुळात बंद असतं, ते चार तास केलं, म्हणजे पाठवणाऱ्याला मेल अडकल्याचं पाच दिवसांनी नव्हे, त्याच दिवशी कळतं. त्या सेवेकडे एका वेळी एकच कनेक्शन जाईल असं वेगळं ट्रान्सपोर्ट (पाठवणीचा मार्ग) बांधलं. दुपारनंतर रांग हळूहळू मोकळी झाली.

कार्यालयातलं स्कॅनर-प्रिंटर ५८७ वरून मेल पाठवेना. लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’. ते जुनं यंत्र टीएलएस १.० च बोलतं आणि डेबियन १२ चं ओपनएसएसएल ते नाकारतं. संपूर्ण सर्व्हरची पातळी त्या एका यंत्रासाठी उतरवायची नाही. स्कॅन आता कार्यालयातल्या सामायिक फोल्डरात पडतात.

१७ फेब्रुवारी : दुरुस्ती

१० तारखेला आलेल्या डेबियन १२.५ मध्ये पोस्टफिक्सची स्मगलिंगवरची दुरुस्ती आहे. अपग्रेड करून ‘फॉरबिड बेअर न्यूलाइन’ चालू केलं.

सामायिक पत्त्यांवरची मेल वैयक्तिक जीमेलला पुढे पाठवण्याची मागणी आली, नाकारली. पुढे पाठवलेल्या मेलचा एसपीएफ तुटतो, आणि आपल्याकडे आलेलं स्पॅमही आपल्याच आयपीवरून पुढे जाऊन आपलीच पत घालवतं. फोनमध्ये दुसरं खातं जोडून दिलं.

२ मार्च : डीएमार्कचे अहवाल काय सांगतात

रोज येणाऱ्या एक्सएमएल अहवालांत एक अनोळखी उगम दिसला: हिशेबाची ऑनलाइन सेवा आमच्या नावाने पावत्या पाठवते. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, तरी डीएमार्क नापास. कारण दोन्ही पास त्या सेवेच्या स्वतःच्या डोमेनसाठी होते. ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळणी नव्हती. सेवेच्या पॅनेलमधून डीकेआयएमच्या दोन सीनेम नोंदी घेऊन डीएनएसमध्ये टाकल्या, जुळणी झाली. पी=नन न ठेवता थेट अडवलं असतं तर ग्राहकांच्या पावत्या जंकमध्ये गेल्या असत्या आणि महिनाअखेरीपर्यंत कळलंही नसतं.

१६ मार्च : देवनागरी पत्ता

‘.भारत’ डोमेनवर संपूर्ण मराठी पत्ता चालेल का, हे पाहिलं. डोमेनचा भाग सोपा. डीएनएसमध्ये तो प्युनिकोड रूपात, म्हणजे रोमन अक्षरांत, जातो. ‘ॲट’च्या आधीच्या देवनागरी नावाला मात्र एसएमटीपीयूटीएफ८ (पत्त्यात रोमनेतर अक्षरं नेण्याची सोय) लागतं. पोस्टफिक्सला ते ३.० पासून येतं. डवकॉट २.३ चं एलएमटीपी ते जाहीर करत नाही, म्हणून पोस्टफिक्स आतल्या टप्प्यावरच ‘एसएमटीपीयूटीएफ८ इज रिक्वायर्ड’ म्हणून मेल परत करतो. देवनागरी पत्त्याचं टोपणनाव साध्या मेलबॉक्सकडे वळवूनही भागत नाही, कारण ‘टू’ हेडरमध्ये देवनागरी असतेच. अशा पत्त्यांसाठी एलएमटीपी सोडून पाइपने डवकॉटच्या एलडीएकडे (मेल पेटीत टाकणाऱ्या कार्यक्रमाकडे) मेल देणारं वेगळं ट्रान्सपोर्ट ठेवलं. येणारी मेल आली. पाठवताना समोरच्याकडेही ही सोय हवी, म्हणून छापील पत्रावर दोन्ही पत्ते द्यायचे.

३० मार्च : डीएमार्क क्वारंटाइन, एमटीए-एसटीएस चाचणी

महिनाभराच्या अहवालांत अनोळखी उगम उरले ते फक्त तोतये. पी=क्वारंटाइन (नापास मेल जंकमध्ये) केलं. एमटीए-एसटीएसचं (आपल्याकडे मेल टीएलएसनेच पाठवा असं सांगणारं) धोरण ‘टेस्टिंग’ मोडमध्ये, वैधता ६,०४,८०० सेकंद, सोबत टीएलएस अहवालाची नोंद. धोरण-फाइलीत एमएक्सचं नाव बदललं की डीएनएसमधला आयडीही बदलायचा. नाहीतर पाठवणारे जुनं धोरणच धरून बसतात. बॅकअपमधून एक मेलबॉक्स दुसऱ्या मशीनवर उभा करून फोल्डर-नावं आणि मेलची संख्या ताडली, जुळली. जुन्या होस्टिंगचं खातं एप्रिलअखेरीस बंद करायचं; त्याच दिवशी एसपीएफमधून त्याचा आयपी काढायचा आणि एमएक्सचा टीटीएल वाढवून ३६०० करायचा.